ताप उतरल्यानंतर

दोडप्पांचा ताप उतरला त्या सकाळी आम्ही सगळे खूश होतो. दोडप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, पण नाती कन्नडातच राहिली आहेत. वडील अप्पा, आणि त्यांचे मोठे भाऊ दोडप्पा. छातीत कफ भरून ताप हटेना, तेव्हा अप्पांनी त्यांना आमच्या हळ्ळीखेड गावाहून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आणलं होतं. बीदरचा दवाखाना काही फार लांब नव्हता, पण गुलबर्ग्याला मी कॉलेजात होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे जिथं मी आहे तिथले डॉक्टरही आपलं ऐकतील, असं घरच्यांना वाटे. खरं सांगायचं तर डॉक्टरांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

दोडप्पा कापडाचा बाजार करत. धोतरं, लुगडी, खण, पंचे यांचं गाठोडं घेऊन दुबलगुंडीपासून आजूबाजूच्या सगळ्या गावांचे आठवडी बाजार. पूर्वी एक तट्टू होतं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ते गेलं, आणि तेव्हापासून गाठोडं त्यांच्या पाठीवर आलं. माझी फी, माझे कपडे, माझी पुस्तकं त्या पाठीवरूनच आली. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना मला नीट तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

बरेच दिवस पेन्सिलीनची इंजेक्शनं झाली, मग घाम येऊन ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात होतो तेव्हा डॉक्टर फेरीला आले. हे डॉक्टर हैदराबादचे, बोलणं अगदी साफ उर्दू, आमच्या भागात नवे. स्वभावाने भले होते. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष होता असं मला वाटत नाही, दोष असलाच तर शब्दांचा. काय झालं ते अप्पांनी मला दुपारी सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, अब क्या तकलीफ है?"

दोडप्पा म्हणाले, "कुच नै साब, खाली सुस्ती है."

आमच्याकडे कन्नडात 'सुस्तु' म्हणजे अंगातला जीव काढून घेतल्यासारखा थकवा. दिवसभर ज्वारी काढून आलेल्या माणसाला सुस्तु येतं, बाळंतिणीला येतं, दुखण्यातून उठलेल्याला येतं. त्यात आळसाचा वाससुद्धा नाही. दोडप्पांनी तो शब्द आपल्या बाजारातल्या दखनी उर्दूत घालून पुढे केला. पण हैदराबादच्या माणसाच्या कानाला सुस्ती म्हणजे आळस. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ये तो काहिली है, बाबा."

आता काहिली म्हणजेही त्यांच्या भाषेत आळसच. पण मराठीत काहिली म्हणजे अंगाची आग. अप्पा मोठ्या उत्साहाने म्हणाले, "नै साब, काहिली तो कल उतर गई."

"शाबाश. फिर तो घर ले जाओ," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दोघेही आपापल्या जागी समाधानी होते. मी हसलोही असतो, पण तिथे एक वॉर्डबॉय होता, उदगीरकडचा, त्याला सगळ्या भाषा येत. त्याने जाता जाता दोडप्पांना हाक मारली होती, "चला आळशी अण्णा, उठा आता. डॉक्टर म्हणायलेत म्हाताऱ्याला रोग न्हाई, आळस आहे."

तो थट्टेनं बोलला होता. पण मी पोचलो तेव्हा दोडप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"दोडप्पा, डॉक्टरांचा गैरसमज झालाय. मी सांगतो त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगणार?"

"की तुम्हाला सुस्तु आलंय. आळस न्हाई."

"म्हंजे आधी मी सुस्तु आलंय म्हणायचं, आणि वर तू पुस्तक उघडून त्याचा अर्थ सांगायचा. कामून? आळशी तर आळशी. उद्या घरी जायलोय मी."

अप्पांनाही घरी जायची घाई होती. त्यांनी त्याच दिवशी हुमनाबादला निरोप धाडला की उद्या बस येईल तिथे बैलगाडी आणून थांबा. झालं, ठरलं.

त्या दुपारी दोडप्पांनी आम्हाला चालून दाखवलं. वॉर्डापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत आणि परत. मी बरोबर होतो. माझ्या मनात पहिली शंका आली ती तिथे. दोडप्पा म्हणजे चालता चालता बोलणारा माणूस. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजाराला गेलो की वाटभर त्यांची बडबड, कोणत्या गिऱ्हाइकाने कशी घासाघीस केली, कोणती बाई लुगड्याचा पोत बोटांनी ओळखते. आता मी विचारलं, "पाणी आणू?" तर ते थांबले, "आण" म्हणाले, आणि मग पुढचं पाऊल टाकलं. मी पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा थांबले. चालणं आणि बोलणं ही दोन कामं त्यांना एकदम होत नव्हती.

मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. खाटेवरून उठताना ते आधी दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरत, आणि मग जणू काही आठवल्यासारखं थोडं थांबून उठत. त्यांच्या कमरेचा करदोटा घसरून खाली येई. त्यांनी त्याला मध्येच एक गाठ मारून घेतली होती. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाले, "दोरा जुना झालाय. सुताला ताण सोसत न्हाई." जन्मभर कापड विकलेला माणूस, त्याला दोरा बदललाय की माणूस, हे कळत नसेल असं कसं म्हणावं.

बोर्डिंगमधून आणलेली भाकरी त्यांनी अर्धीही खाल्ली नाही. "परत ने, तू खा. अभ्यास करायलास तू," म्हणाले.

संध्याकाळी शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी एक माणूस आला. त्या खाटेवर आधी संतपूरकडचे एक म्हातारे होते. त्यांनाही हेच छातीचं दुखणं. आम्ही आलो त्या सुरुवातीच्या दिवसांतच ते ताप उतरल्यावर हसत हसत घरी गेले होते, जाताना दोडप्पांना म्हणाले होते की तुमच्या बाजारात येतो एकदा. आलेला माणूस त्यांचा मुलगा. त्यांची घोंगडी इथे राहिली होती, ती न्यायला आला होता. वॉर्डबॉयने घोंगडी काढून दिली आणि विचारलं, "आजा काय म्हणतोय?"

"गेले की," तो म्हणाला.

"परत ताप आला?"

"ताप कुठला. ताप आलाच न्हाई बघा. घरी आले ते बसले, बसले ते बसलेच. घास उतरंना. न्हाणीत पाय घसरला. हाड काय मोडलं न्हाई, पण त्या दिसापासून खाली पाय टाकला न्हाई त्यांनी. मग गेले." त्याने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "आमाला वाटलं बरे होऊन आलेत."

तो निघून गेला. मग अप्पा हळूच म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

"माझ्याहून धाकटा होता," दोडप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

मी त्या रात्री बोर्डिंगवर गेलो तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती. उद्या यांना गाडीत घातलं तर आपण तेच करणार, जे त्या माणसाने केलं. आणि त्यानेही ते प्रेमानेच केलं होतं. पण हे अप्पांना कसं सांगावं, आणि कोणत्या आधारावर? तापाचा आकडा असतो, तो दाखवता येतो. मी काय दाखवणार होतो? चालताना बोलत नाहीत, आणि करदोट्याला गाठ आहे, एवढंच. आणि दोडप्पांनी तर मला बोलायची मनाईच केली होती.

सकाळी मी लवकर गेलो. दोडप्पांनी ओल्या पंच्याने अंग पुसून घेतलं होतं, कपाळाला विभूती लावली होती आणि व्हरांड्यातल्या बाकावर पूजेला बसले होते. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. ते रोज काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, आणि उजव्या हाताने पाणी, विभूती, बेल वाहून नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं. लहानपणी मी दोडप्पांची पूजा बघत बसायचो. त्यांचा हात इतका स्थिर असायचा की लिंगावरचं बेलाचं पान हलायचं नाही. गाठोड्याच्या गाठी ओढणारा हात होता तो. कापड मापून एक चीर दिली की बाकीचं ते कात्रीशिवाय टर्रकन फाडत, अगदी सरळ रेषेत.

त्या सकाळी तो हात छातीपाशी सुरू झाला आणि हळूहळू खाली आला. त्यांनी तो परत वर घेतला. परत खाली आला. मग डावं कोपर त्यांनी गुडघ्यावर टेकवलं. तरी तळहात थरथरत होता, पान सरकत होतं. शेवटी त्यांनी उजवा हात डाव्याच्या खाली धरला, पडणाऱ्या भिंतीला टेकू द्यावा तसा. आता वाहायला हातच उरला नाही. ते तसेच दोन्ही हातांनी लिंग धरून बसून राहिले.

मी मान वर केली तेव्हा दाराशी डॉक्टर उभे होते. फेरीला लवकर निघाले असतील. पूजा चाललेली बघून ते पुढे आले नव्हते, पायातले बूटही त्यांनी मागेच सोडले होते. त्यांनीही ते सगळं बघितलं होतं. पूजा आटोपून दोडप्पांनी लिंग परत गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं, तोवर ते थांबले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये हाथ पहले भी ऐसे कांपता था?"

"नहीं साब," मी म्हटलं. एवढंच बोलून थांबलो असतो, पण मग जीभ सुटली. मी म्हटलं की सुस्तु म्हणजे आळस नव्हे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा असा आहे. आणि काहिली म्हणजे आमच्यात अंगाची आग, म्हणून वडील तसं म्हणाले. मॅट्रिकपर्यंत मी उर्दूतच शिकलो होतो, तरी त्या दिवशी माझी उर्दू अडखळत होती. डॉक्टर ऐकत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "सुस्तु." एकदाच, नीट उच्चार करून.

ते दोडप्पांच्या शेजारी बाकावर बसले. आपली दोन बोटं पुढे केली आणि म्हणाले, "बाबा, दबाओ. जोर से."

दोडप्पांनी दाबली. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली, पण डॉक्टरांच्या बोटांचा रंग बदलला नाही.

"अब हाथ छाती पे बांधो, और उठो."

दोडप्पांनी हात बांधले. पुढे झुकले, मागे आले, पुन्हा झुकले. पाय फरशीवर सरकले, पण बूड बाकावरून सुटलं नाही. वॉर्डबॉय मदतीला धावला, त्याला डॉक्टरांनी हाताने थांबवलं. मला बघवेना. अप्पा तर खांबाआड जाऊन उभे राहिले होते.

"बस, बस," डॉक्टर म्हणाले. "मैं गलत समझा था, बाबा. आप काहिल नहीं हो."

दोडप्पांना दम लागला होता. दम खाऊन म्हणाले, "काहिल रैता तो बजार कौन करता साब?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बुखार तो गया. मगर जाते जाते घर का सामान भी ले गया."

हे दोडप्पांना कळलं. चोराची भाषा बाजारच्या माणसाला लगेच कळते. त्यांनी दारातून दिसणाऱ्या त्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवून विचारलं, "घर गया तो मेरा बी उनका जैसा होता क्या?"

डॉक्टरांनी वॉर्डबॉयकडून त्या म्हाताऱ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो सकता है."

अप्पा खांबाआडून पुढे आले. "अण्णा, गाडी सांगितलीया. हुमनाबादला येऊन थांबतील ते."

"थांबू दे, नायतर परत जाऊ दे," दोडप्पा म्हणाले. "मला सुस्तु आलंय. चांगलंच आलंय. जाणार न्हाई मी."

हे ते अप्पांना म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. मला वाटतं मी त्यांना एवढं उघड काही कबूल करताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात काही घडत नाही. डॉक्टरांनी अंडी सांगितली, ती आम्ही खात नाही. मग दूध, मुगाची पातळ डाळ, शेंगदाणे कुटून गुळाबरोबर, आणि दुधात कुस्करलेली भाकरी. बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या अक्का एक भाकरी मऊ वेगळी थापून देत. दोडप्पा ती औषध गिळावं तशी गिळत. चवीचं विचारलं की म्हणत, "चवीला काय करायचंय? माल भरायचाय."

रोज सकाळी वर्गाच्या आधी मी त्यांना व्हरांड्यात चालवी. आधी न बोलता. बाकावरून उठायचं, बसायचं, परत उठायचं. डॉक्टर आले की त्यांच्याशी दोडप्पांचा सौदा चाले. "साब, आज उठनेकू एकीच हात लगाया. आधा दाम तो देव." डॉक्टरही म्हणत, "पूरा माल दिखाओ, पूरा दाम लो." वॉर्डबॉयने आळशी अण्णा म्हणायचं सोडलं होतं, तर दोडप्पाच त्याला म्हणायला लागले, "ये, आळशाला जरा गरम पाणी आणून दे."

मधे एकदा पाय सुजले, दोन घास कमी झाले, आणि मिळवलेलं बरंचसं परत गेलं. तेव्हा अप्पा मला बाहेर नेऊन म्हणाले, "तू शिकलेला आहेस. खरं सांग, उपयोग आहे का याचा?" मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि आत जाऊन दोडप्पांचे पाय चोळत बसले.

पण एका सकाळी दोडप्पा हात बांधून उठले. डुलले, पण उठले. आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना, न थांबता, मला म्हणाले, "त्या बोर्डिंगच्या अक्काला म्हणावं भाकरीत मीठ कमी पडायलंय." मी डोळे पुसले, तर म्हणाले, "मिठाचं सांगितलं रे, रडायलास कामून?"

घरी जायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं की पहिल्यासारखं होणार नाही. गाठोडं आता उचलायचं नाही. पुढचं दुखणं, लहान असलं तरी, यापेक्षा जास्त घेऊन जाईल. मला वाटलं होतं ते खचतील. ते मान हलवत ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, तम्मा. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं, नायतर नंतर भांडण. आटलं म्हणजे फाटलं न्हाई. पण मापात धरू नये." ते बोलणं माझ्यासाठी होतं की स्वतःसाठी, मला सांगता येत नाही.

त्यांनी नंतर बाजार केला नाही. गाठोडं अप्पांनी घेतलं. दोडप्पा ओट्यावर बसून बायाबापड्यांना खण दाखवतात, पण घड्या उलगडायला माझी एक बहीण लागते. मी सुट्टीत गेलो की आधी त्यांना ओट्यावरून उठताना बघतो. त्यांनाही ते कळतं, आणि ते मुद्दाम हात न लावता उठायचा प्रयत्न करतात. कधी जमतं, कधी नाही.

घरी नेलं तो दिवस मात्र मला सांगायचा आहे. बसने हुमनाबाद, तिथून बैलगाडी. आमच्या गावात बाहेरून आलेला कर्ता माणूस वेशीपाशी गाडीतून उतरतो आणि गावात चालत शिरतो. बसून आत येतात ते नवरदेव, साहेब आणि आजारी. दोडप्पांनी ही रीत कधी मोडली नव्हती, अंगात ताप घेऊन बाजारातून आले तेव्हासुद्धा. वेस आली तशी अप्पांनी कासरा ओढला आणि गाडी उभी केली. ते खाली उतरले, जू धरून उभे राहिले. मी दोडप्पांच्या काखेत हात घालायला सरकलो. वेशीपासून घर म्हणजे चढ, आणि सगळ्या ओट्यांवर माणसं.

"कामून थांबलास?" दोडप्पांनी विचारलं.

"उतरायचं न्हाई का अण्णा?" अप्पा म्हणाले.

दोडप्पांनी चढाकडे बघितलं. दवाखान्यात व्हरांड्याचं टोक बघत, तसंच.

"न्हाई," ते म्हणाले. "दारापर्यंत घे."

अप्पा वर चढून बसले आणि बैलांना हाकललं. कट्ट्यावरून त्यांच्याच वयाचा एक जण ओरडला, "काय की अण्णा, या वयात नवरदेव?"

"व्हय," दोडप्पा गाडीतून म्हणाले. "नवरीला सांग, जरा आटलाय म्हणून."

कट्टा हसला. ते स्वतःही हसले, पण एका हाताने गाडीची दांडी घट्ट धरून होते. दाराशी गाडी थांबली तेव्हा अप्पा उडी मारून पुढे आले. दोडप्पांनी आधी स्वतःच हात पुढे केला, आणि अप्पांनी धरेपर्यंत वाट बघितली.